खेळात, पाण्यात आणि लग्नात टोपी : ज्यू पुरुषांची डोकं झाकण्याची रीत

मागे अक्कलकुव्याच्या एका वाचकाने आम्हाला एक प्रश्न पाठवला. त्यांचा मुलगा टोपी घालून क्रिकेट खेळतो. धावताना टोपी पडली की तो थांबून उचलतो आणि तेवढ्यात चेंडू सीमापार जातो. मग टीममधली पोरं चिडतात. वाचकाने पुढे लिहिलं होतं, "टीव्हीवर ज्यू लोक दिसतात. त्यांची टोपी तर एवढीशी, डोक्याच्या मागच्या टोकावर. ते लोक खेळताना, नाचताना ती कशी सांभाळतात? काढून ठेवतात का? काढली तर गुनाह मानतात का?"

प्रश्न साधा वाटतो, पण चांगला आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिनेगॉग नाही. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथल्या बहुतेक घरांना ज्यू माणूस माहीत आहे तो फक्त बातम्यांतून. त्यामुळे ती गोल टोपी दिसली की मुलांच्या मनात एका देशाचं सरकार आणि त्याचं युद्ध येतं. प्रत्यक्षात आपल्याच महाराष्ट्रात, आपल्यासारखीच मराठी बोलणारी ज्यू घरं शेकडो वर्षांपासून आहेत. म्हणून या लेखात आम्ही ही रीत मुळापासून समजावून सांगत आहोत.

नाव काय आणि प्रकार किती

या टोपीला हिब्रू भाषेत 'किप्पा' म्हणतात. किप्पा म्हणजे घुमट. युरोपातून आलेले ज्यू तिला 'यार्मुल्के' म्हणतात. आपल्याकडचे ज्यू मराठीत बोलताना सरळ 'टोपी' म्हणतात.

प्रकार बरेच आहेत. काळ्या मखमलीची, सुती कापडाची, लोकरी धाग्याने विणलेली अशी टोपी असते. मध्य आशियातल्या बुखारा भागातल्या ज्यूंची टोपी मोठी आणि भरतकामाची असते. योम किप्पुर या मोठ्या उपवासाच्या दिवशी आणि लग्नात अनेक जण पांढरी टोपी घालतात. काही कट्टर पंथांचे लोक टोपीवर काळी हॅटही घालतात.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांच्या शरियतीत, म्हणजे 'हलाखा'मध्ये, महत्त्व आहे डोकं झाकण्याला. किप्पा या खास वस्तूला नाही. पगडी, फेटा, हॅट, क्रिकेटची कॅप, हेल्मेट, यातल्या कशानेही डोकं झाकलं तरी चालतं. खेळाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

हुकूम आहे की रिवाज?

तौरातमध्ये सर्वसामान्य ज्यू पुरुषाने डोकं झाकावं असा थेट हुकूम नाही. तिथे पगडीचा उल्लेख येतो तो इबादतगाहच्या इमामांच्या, म्हणजे हजरत हारून अलैहिस्सलाम आणि त्यांच्या वंशजांच्या पोशाखात.

डोकं झाकण्याची रीत पुढे तलमूद या ग्रंथातून आली. त्यात राव हुना नावाच्या एका विद्वानाची गोष्ट आहे. ते उघड्या डोक्याने चार हातसुद्धा चालत नसत, कारण अल्लाहची उपस्थिती आपल्या डोक्यावर आहे अशी त्यांची भावना होती. 'चार हात' हे माप आपल्या जुन्या मराठी हातासारखंच आहे, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं. म्हणजे साधारण दोन मीटर. दुसरी एक गोष्ट एका आईची. तिने आपल्या मुलाला लहानपणापासून डोकं झाकायला लावलं, का तर त्याच्या मनात वरच्याचं भय राहावं. तो मुलगा पुढे मोठा आलिम झाला.

बाराव्या शतकात मुसा बिन मैमून यांनी लिहिलं की विद्वान माणसाने उघड्या डोक्याने फिरू नये आणि नमाजेला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेला, उघड्या डोक्याने उभं राहू नये. हे तेच मुसा बिन मैमून, जे कैरोमध्ये सुलतान सलाहुद्दीन अय्युबी यांच्या दरबाराशी जोडलेले हकीम होते. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी 'शुल्हान आरुख' हा कायद्याचा ग्रंथ लिहिला. त्यातही चार हातांची गोष्ट नियम म्हणून आली.

तरी आलिमांमध्ये इख्तिलाफ राहिलाच. सतराव्या शतकात पोलंडच्या एका मोठ्या रब्बीने हे बंधनकारक ठरवलं. त्यांचं म्हणणं असं की आजूबाजूचे ख्रिस्ती लोक आदराने टोपी काढतात, म्हणून आपण वेगळेपण जपलं पाहिजे. अठराव्या शतकात विल्ना शहराचे विख्यात विद्वान एलियाहू म्हणाले की हे कायद्याने बंधन नाही, अदब आहे, नेक माणसाची चांगली सवय आहे. विसाव्या शतकात न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइन्स्टाइन यांनी फतवा दिला की नोकरीच जाणार असेल तर कामाच्या जागी टोपी काढायला मुभा आहे.

हे वाचताना आपल्याला घरचंच वाटेल. आपल्याकडेही पुरुषाने डोकं झाकणं नमाजेची शर्त नाही. उघड्या डोक्याने नमाज होते. पण हनफी आलिम आळसापोटी तसं करणं मकरूह मानतात. वर अदबीची सवय आणि खाली सवलतीची जागा, अशी दोन्हीकडची बांधणी आहे.

एक फरक मात्र मोठा आहे. हज आणि उमऱ्याच्या एहराममध्ये आपला पुरुष डोकं उघडं ठेवतो. तिथे उघडं डोकंच इबादत आहे. ज्यूंच्या इबादतीत असा प्रसंग येत नाही. म्हणजे आपल्याकडे हुकूम आला की टोपी घालायचीही आणि काढायचीही. त्यांच्याकडे इबादत म्हटली की डोकं झाकलेलंच.

आपल्या महाराष्ट्रातले ज्यू

कोकणातल्या ज्यूंना 'बेने इस्राएल' म्हणतात. आपण कुरआनात 'बनी इस्राईल' वाचतो, तेच नाव. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पुढे ते तेल गाळण्याचा धंदा करू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहीमकर.

त्यांच्या मुंबईतल्या पहिल्या सिनेगॉगची कहाणी आपल्या वाचकांनी जरूर ऐकावी. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतान यांच्या कैदेत सापडले. त्यांच्या समाजात सांगतात की, 'तू कोण?' असं विचारल्यावर त्यांनी 'बेने इस्राएल' असं उत्तर दिलं. सुलतानाच्या आईने हे नाव कुरआनातून ऐकलेलं होतं. तिने रदबदली केली आणि जीव वाचला. सुटून आल्यावर शुक्राना म्हणून दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात 'शार हारहमीम' सिनेगॉग बांधलं. त्याचा अर्थ 'रहमतीचा दरवाजा'. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनास्थळाला 'मशीद'च म्हणत आणि हे सिनेगॉग त्यांच्या बोलण्यात 'जुनी मशीद' झालं.

डोक्याचं म्हणाल तर, एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंमध्ये बेने इस्राएल पुरुष पगडी-फेट्यात दिसतात. फौजेत असलेले फौजेची टोपी घालत. म्हणजे जी रीत युरोपात किप्प्याने पाळली गेली, ती आपल्या कोकणात पगडीने पाळली गेली. त्या काळी रस्त्यावर उघड्या डोक्याने जाणं हिंदू, मुसलमान, ज्यू कुणालाच शोभत नसे. लहान गोल किप्पा इथे रुळला तो नंतर, जगभरच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर आणि पगडी-फेटे सगळ्यांच्याच डोक्यावरून उतरल्यावर.

१९४८ नंतर बरीच कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे आजही घरात मराठी बोलणारी माणसं आहेत आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. महाराष्ट्रात आता मोजके हजार लोक उरले. २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

धावताना, खेळताना, पोहताना

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

ज्यू घरातला जो माणूस ही रीत पूर्ण पाळतो, तो खेळतानाही डोकं झाकण्याचा प्रयत्न करतो. बाकी अनेक ज्यू, आणि आपल्याकडचे बरेच बेने इस्राएलही, रोजच्या कामात किंवा मैदानावर टोपी घालत नाहीत. प्रार्थना, सण आणि बरकतीची दुआ म्हणण्याच्या वेळीच घालतात. म्हणून उघड्या डोक्याचा ज्यू दिसला तर तो धर्म सोडून बसला असं समजू नये.

पाळणारे लोक टोपी सांभाळतात ती अशी :

विणलेली टोपी केसांना धरून बसते, गुळगुळीत मखमलीची घसरते. म्हणून खेळाडू मुलं सहसा विणलेली निवडतात.

टोपीच्या कडेला एक-दोन चपट्या केसांच्या क्लिपा लावतात, त्याच, ज्या आपल्या मुली वेणीत लावतात. टक्कल असेल तर काही जण आतून दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावतात.

क्रिकेट, बेसबॉल, सायकल, घोडेस्वारी यांत कॅप किंवा हेल्मेट असतंच. त्याने डोकं झाकलं गेलं, मग आत वेगळ्या टोपीची गरज नाही.

खेळताना टोपी पडली तर गुनाह नाही. उचलायची, झटकायची आणि पुन्हा घालायची. जमिनीवर पडलेल्या टोपीवर पाय देऊ नये हा अदब आहे.

पोहताना आणि आंघोळीला टोपी काढतात. यावर वाद नाही. मात्र उघड्या डोक्याने दुआ म्हणायची नाही. पाण्यातून बाहेर आलं, काही खायचं झालं, तर आधी डोक्यावर काहीतरी घ्यायचं आणि मग खाण्याआधीची दुआ म्हणायची.

त्यांच्याकडे पाकीसाठी 'मिकवे' नावाच्या हौदात पूर्ण बुडी घेण्याची रीत आहे. त्या वेळी अंगावर टोपीच काय, अंगठीसुद्धा चालत नाही. पाणी आणि शरीर यांच्यामध्ये काही येता कामा नये. आपल्या गुस्लमध्ये केसभर जागा कोरडी राहू नये म्हणतात, तोच विचार.

मैदानाचे नियम आणि कोर्ट

टोपी सांभाळणं हा घरातला प्रश्न झाला. पण मैदानावर पंच असतो आणि पंचाच्या हातात नियमांचं पुस्तक असतं. अडचण बहुतेक वेळा तिथून सुरू होते.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात शाळांच्या बास्केटबॉल संघटनेने डोक्यावर काहीही घालायला बंदी केली होती. कारण असं की टोपी किंवा क्लिप पडली तर कुणी घसरून पडेल. ज्यू विद्यार्थी कोर्टात गेले. १९८२ मध्ये वरच्या कोर्टाने मधला रस्ता काढला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की तुमचा धर्म डोकं झाका असं सांगतो, ते सैल क्लिपेनेच झाका असं सांगत नाही. तेव्हा घट्ट बसेल असं काहीतरी आधी सुचवा.

त्यानंतर तामिर गुडमन नावाचा ज्यू खेळाडू टॉवसन विद्यापीठाकडून किप्पा घालून बास्केटबॉल खेळला. त्याची ओळख त्या टोपीमुळे जेवढी झाली, तेवढीच शनिवारी, म्हणजे सब्बाथला, न खेळण्यामुळे झाली. २०२२ मध्ये रायन टुरेल हा किप्पा घालणारा खेळाडू एनबीएच्या खालच्या लीगमध्ये निवडला गेला.

जागतिक संघटनांना वेळ लागला. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०१४ मध्ये डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. बास्केटबॉलच्या 'फिबा' संघटनेचा बदललेला नियम ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाला. तोवर शीख खेळाडूंना पगडी उतरवायला सांगितली जाई, हिजाब घालणाऱ्या मुलींचे संघ सामना न खेळता परत जात आणि ज्यू मुलाला किप्पा काढावा लागे. नियम बदलला तेव्हा तिघांचाही एकदमच सुटकारा झाला.

मैदानाबाहेरही हेच दिसतं. अमेरिकी हवाई दलातल्या गोल्डमन नावाच्या ज्यू अधिकाऱ्याला गणवेशात किप्पा घालू दिला नाही. १९८६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्याच्या विरोधात दिला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून सैनिकांना अशी साधी, नीटनेटकी धार्मिक वस्तू घालायची मुभा दिली. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांतून ठळक धार्मिक खुणांवर बंदी आणली. चर्चा झाली ती हिजाबची, पण त्याच कायद्याने किप्पा आणि शिखांची पगडीही शाळेबाहेर गेली.

आपल्याकडे कर्नाटकातल्या हिजाबचा खटला ताजा आहे. हायकोर्टाने मार्च २०२२ मध्ये बंदी कायम ठेवली आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली. असा प्रश्न आला की 'हा धर्माचा आवश्यक भाग आहे का?' असं विचारतात. वर आपण पाहिलं की ज्यू आलिमांमध्येही टोपीबद्दल एकमत नाही. तरी एखाद्याच्या डोक्यावरून ती जबरदस्तीने उतरवली तर त्याला काय वाटतं, हे समजायला ग्रंथ उघडावा लागत नाही.

मेंदी, लग्न आणि मलिदा

सणासमारंभात डोक्यावर काय आहे याला आपल्या जिल्ह्यातही किती मान आहे, हे वेगळं सांगायला नको. काठीच्या राजवाडी होळीत बुध्या झालेले आदिवासी बांधव मोरपिसांचे उंच टोप घालून रात्रभर नाचतात. आनंदाच्या दिवशी डोकं सजवायचं, ही माणसाची जुनी हौस आहे.

बेने इस्राएल लग्नात ही हौस आणि धर्माची रीत एकत्र दिसते. लग्नाआधी मेंदी होते. नवऱ्यालाही बोटाला मेंदी लावतात आणि डोक्याला फुलांचा सेहरा बांधतात. पूर्वी नवरा सेहरा बांधून घोड्यावरून सिनेगॉगमध्ये जाई. आज घोड्याच्या जागी मोटार आली आणि सिनेगॉगमध्ये टोपी दिसते. नवरी आत येऊ लागली की नवरा उभा राहून तिच्यासाठी हिब्रू गीत म्हणतो. त्या वेळी सगळ्या पुरुषांची डोकी झाकलेली असतात.

परदेशातल्या ज्यू लग्नांत दाराशी टोपल्यांमध्ये टोप्या ठेवतात. आत अनेकदा नवरा-नवरीचं नाव आणि तारीख छापलेली असते. ज्यू नसलेला पाहुणाही एक उचलून घालतो आणि आठवण म्हणून घरी नेतो. लग्नानंतर पुरुष गोल करून नाचतात, नवऱ्याला खुर्चीसकट वर उचलतात. इथे क्लिपांचा खरा उपयोग होतो! तरी टोप्या पडतातच. कुणीतरी उचलून मालकाच्या डोक्यावर ठेवतो आणि नाच चालू राहतो.

'सिमहत तोरा' या सणाला तौरातची गुंडाळी खांद्यावर घेऊन सिनेगॉगमध्ये सात फेरे घालतात, गातात, नाचतात. तिथे उघडं डोकं चालत नाही. पुरीमला मात्र पोरं वेष घेतात. राजाचा मुकुट, विदूषकाची टोपी, काहीही. डोकं झाकलं गेलं म्हणजे झालं. हा सण साधारण होळीच्या सुमारास येतो, म्हणून बेने इस्राएल त्याला 'होळीचा सण' म्हणत. मुलगा तेरा वर्षांचा झाला की 'बार मिट्झवा' होतो. त्या दिवसापासून धर्माची जबाबदारी त्याची स्वतःची.

आणि मलिदा! हा शब्द आपल्याला दर्ग्यावरून माहीत आहे. बेने इस्राएल घरात नवस फेडायला, लग्नाआधी, नवीन घर घेतल्यावर मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खवलेलं नारळ, साखर, वर फळं. हा प्रेषित एलियाहू यांच्या नावाने शुक्राना असतो. आपण त्यांना हजरत इल्यास अलैहिस्सलाम म्हणतो; कुरआनात सूरह अस्-साफ्फातमध्ये त्यांचा जिक्र आहे. ताटाभोवती बसलेले पुरुष टोपी घालतात, बायका पदर घेतात, दुआ होते आणि मग ताट वाटलं जातं.

तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तर

पुण्याचं 'लाल देऊळ', म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, किंवा अलिबागचं मागेन आबोथ पाहायला कुणी गेलं, तर आधी परवानगी घ्यावी. पुरुषांनी डोकं झाकावं. आपली नमाजेची टोपी असेल तर तीच चालते, वेगळी लागत नाही. टोपी नसेल तर रुमाल बांधला तरी हरकत नसते. शनिवारी फोटो काढू नयेत. लग्नाला बोलावलं आणि टोपी दिली तर ती घालावी. ती घातल्याने कुणी धर्म बदलत नाही, तो यजमानांचा मान आहे.

मुंबईत हे शेजार रोजचं आहे. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आणि माझगावच्या सर एली कदूरी शाळेत मुसलमान मुलं मोठ्या संख्येने शिकत आली आहेत. दोन्ही शाळा ज्यूंनी काढलेल्या. कदूरी शाळेची सुरुवात १८७५ मध्ये 'इस्राएल स्कूल' म्हणून हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने झाली. एका शाळेच्या आवारात दोन प्रकारच्या टोप्या वावरल्या.

वाचकाला आमचं उत्तर

भाऊसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. ज्यू मुलगा टोपी क्लिपेने बसवतो, कॅप किंवा हेल्मेट असेल तर त्यावर भागवतो, पाण्यात काढतो, पडली तर उचलतो आणि दुआ म्हणताना न चुकता घालतो. टोपी पडली म्हणून तो स्वतःला गुन्हेगार समजत नाही. तुमच्या मुलालाही आत इलॅस्टिक असलेली, घट्ट बसणारी टोपी द्या किंवा खेळताना साधी क्रिकेट कॅप घालू द्या. नमाजेची टोपी खिशात घडी करून राहील.

टीममधल्या पोरांना मात्र एक गोष्ट समजावून सांगा, आणि आपल्या पोरांनाही. कुणाची टोपी गंमत म्हणून उडवायची नाही. ती आपली असो, शिखाची पगडी असो, आदिवासी बांधवाचा फेटा असो की कोकणातल्या एखाद्या पेणकराचा किप्पा. आपल्या टोपीचा मान आपण दुसऱ्याकडून मागतो, तेव्हा दुसऱ्याच्या टोपीचाही मान आपल्याकडून राखला गेला पाहिजे. एखाद्या सरकारच्या कामावरचा राग त्या टोपीखालच्या मराठी माणसावर काढायचा नाही. त्याचा घाणा इथे, आडनाव इथलं, आणि त्याच्या वाडवडिलांच्या कबरीही इथेच आहेत.